उचल

सोमवारी उद्यमनगर बंद.
भट्टी थंड, पट्टे सैल,
म्हणून आमचा पाठही सोमवारीच,
चर्चमागच्या खोलीत सात माणसं, एक किटली
आणि सुनीती समुद्रेबाई.

बाई म्हणाल्या, हे पत्र अगदी लहान,
बारीक अक्षर काढलं तर एका कागदात बसेल.
लिहिणारा म्हातारा, कैदेत.
ज्याला लिहिलं तो घरंदाज,
मंडळी त्याच्याच घरी जमायची.
आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो त्याचा गुलाम.
पळालेला. बहुधा काहीतरी उचलून.
नाव अनेसिम, म्हणजे उपयोगी.
मालक लोक अशीच नावं ठेवायचे.

मी खाली बघितलं.
शॉपात मी पोराला बारक्या म्हणायचो.
मस्टरवर तो सात्ताप्पा, गगनबावड्याकडचा.

पळालेला सापडला तर कपाळावर डाग देत, बाई सांगत होत्या,
धन्याला कायद्यानंच मुभा.
म्हणून म्हाताऱ्याची भाषा बघा कशी वळणं घेते.
हुकूम करता आला असता म्हणतो, आणि करत नाही.
नावावर कोटी करतो:
तुला बिनकामाचा वाटला, आता दोघांच्याही कामाचा.
काही देणं निघत असेल तर माझ्या खाती घाल,
हे माझं हस्ताक्षर.
आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं,
माझ्यासाठी एक खोली झाडून ठेव.
"ही विनंती नव्हे," बाई हसल्या,
"येऊन बघणार आहे, असं सांगतोय."

सोड त्याला, असं मात्र सरळ कुठंच नाही.
त्यावर शिकलेले लोक अजून भांडतात म्हणे.

मी मागून विचारलं, किती नेलं होतं त्यानं?
पत्रात आकडा नाही, बाई म्हणाल्या.

मला आकडा पाठ होता.
उचल चार हजार, गणपतीच्या आधी,
आणि गनमेटलचे दोन बुश.

शलमोन आवळ्यांची नात, नववीतली,
तिनं पेन वर केलं.
पत्र नेलं कुणी?
बहुतेक त्यानंच.
म्हणजे स्वतःचीच चिठ्ठी घेऊन
त्याच दारात परत?
वाचता येत होतं का त्याला?
कुणी बोललं नाही. चहावर साय धरली.

जाताना बिंदू चौकातून गेलो.
जेलच्या भिंतीजवळ गाडी हळू केली,
आत एखादा म्हातारा माझ्या नावानं
काही खरडत असेल, असं उगाचच.
सात्ताप्पाचा असा कोण आहे?
एक मावशी, फाट्यावर, अंगठा उठवणारी.

रात्री वही काढली.
त्याच्या पानाचा कोपरा मीच दुमडलेला.
नावे: चार हजार, बुश दोन.
जमेची बाजू कोरी.
मग पहिल्यांदाच आठवत बसलो.
पंचगंगा आत शिरली तेव्हा
शॉपातच राहून मोटारी माळ्यावर चढवल्या त्यानं, तीन रात्री.
ऑर्डर तुंबल्या तेव्हा वरचे तास, चौदा महिने,
कुठंच न मांडलेले.
डाव्या अंगठ्याचं नख,
त्याला भाव काय लावायचा?
बायको म्हणाली, झोपा आता.
बेरीज तीनदा केली.
तिन्ही वेळा पैसे माझ्याकडंच निघाले.

फळीवर त्याचा डबा आहे अजून,
झाकणावर खिळ्यानं कोरलेलं नाव,
एक त कमी.

वहीचं मागचं पान फाडलं.
सलाम लिहिलं, खोडलं, नमस्कार लिहिलं,
तुला आणि मावशीला.
पुढं अडलं.
ये लिहिलं की हुकूम होतो,
माफ केलं लिहिलं की त्याहून वाईट.
शेवटची ओळ तेवढी तयार आहे:
खोली झाडू नकोस, दारातच बसेन.

मधलं अजून कोरं.
आज परत सोमवार.
गगनबावड्याची एसटी सातला सुटते म्हणतात,
लागली असेल फलाटाला.
डबा पिशवीत घातलाय.